खाँसाहेबांचा राग

काही वर्षांपूर्वी आमच्या पहूरला एका शाळेचे स्नेहसंमेलन झाले. मुलांनी 'कट्यार काळजात घुसली'मधला एक प्रवेश बसवला होता. खाँसाहेबांचे काम माझ्या भाचीच्या मुलाला मिळाले. का मिळाले हे कुणी विचारले नाही. वर्गात खान आडनावाचा तो एकटाच होता. गळा यथातथाच, पण आवाज दणदणीत. आत्याच्या लग्नात शिवलेली शेरवानी, डोळ्यांत सुरमा, हातात पुठ्ठ्याला चांदीचा कागद लावलेली कट्यार. संध्याकाळी तो माझ्याकडे संवाद पाठ करायला यायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वही मिटून म्हणाला, "नाना, यो खाँसाहेब हमेशा गुस्से में च कायको रहता?"

मी म्हणालो, "बेटा, नाटक आहे ते." तेवढ्यावर त्याने वही पुन्हा उघडली. माझी मात्र मिटेना. आयुष्यभर जी नाटके मी डोळे भरून पाहिली, त्यांच्याबद्दल हा प्रश्न मला कधीच कसा पडला नव्हता? हा लेख म्हणजे त्या पोराला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

*

कलावंताचे आयुष्य रंगमंचावर आणायची मराठी नाटकाला जुनी हौस आहे. संतकवींची आयुष्ये झाली, शाहिरांची झाली, गवयांची झाली. त्यातही गवयाचे नाटक म्हटले की मराठी माणसाला पहिले नाव आठवते ते 'कट्यार'चे. १९६७ साली 'नाट्यसंपदा'ने ते रंगमंचावर आणले. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ही कुणा खऱ्या गवयाची जीवनकथा नाही. विश्रामपूर संस्थान कल्पित, खाँसाहेब कल्पित, पंडित भानुशंकरही कल्पित. पण गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत मराठी प्रेक्षकाच्या मनात 'उस्ताद' या शब्दाला जो चेहरा आला, तो बव्हंशी याच नाटकाने दिला. म्हणून खऱ्यांच्या चर्चेत आधी याच कल्पिताला बोलवावे लागते.

आधी या नाटकाचे देणे मान्य केले पाहिजे. मराठी संगीत रंगभूमीवर मुसलमान पात्राला यापेक्षा मोठी भूमिका मिळालेली मला माहीत नाही. बादशहा, सरदार, कोतवाल, फार तर प्रेमळ फकीर, अशी आमची पात्रे असायची. इथे मुसलमान माणूस नाटकाच्या मध्यभागी उभा आहे. तो भांडतो, चुकतो, झुरतो आणि गातो. एकच पद पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या अशा दोन गायकींतून ऐकवायची अभिषेकींची कल्पना तर अशी आहे, की दोन घराण्यांतला फरक गाण्यातले काही न कळणाऱ्यालाही कानाने कळावा. आणि खाँसाहेबांच्या मुलीचे, झरीनाचे काम करणारी फैय्याज ही सोलापूरची, आपल्यातली मुलगी. पुढे २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावर याच फैय्याजबाई बसल्या, तेव्हा माझ्यासारख्या कित्येकांना घरातलेच कुणी तिथे बसल्यासारखे वाटले.

इतके सगळे खरे. तरी पोराचा प्रश्न उरतोच, कारण नाटकाचा गाडा ज्या चाकावर चालतो ते चाक म्हणजे खाँसाहेबांचा राग. राजगायकाचे पद, हवेली आणि कट्यार त्यांना मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. पंडितजींचा शिष्य सदाशिव विद्या मागायला येतो. खाँसाहेब नकार देतात. विद्या खानदानाची आहे, ती बाहेर जाणार नाही. मग सदाशिव चोरून ऐकतो, चोरून शिकतो, आणि शेवटी सुरांपुढे तो राग विरघळतो. थोडक्यात, ज्ञान कोंडून ठेवणारा उस्ताद आणि ते ज्ञान मोकळे करणारा शिष्य. नाटक म्हणून ही जुळणी पक्की आहे. प्रेक्षक मात्र घरी जाताना तिला इतिहास समजून बरोबर नेतो. तिथे घोटाळा होतो.

*

इतिहास काय सांगतो? खाँसाहेबांचे काम ज्यांनी अजरामर केले, ते वसंतराव तरुणपणी लाहोरला गेले होते. तिथे उस्ताद असदअली खाँ यांनी त्यांना मारवा शिकवला. शिकवला म्हणजे असा, की पुढे वसंतरावांचा मारवा हीच त्यांची ओळख झाली. २०२२ साली आलेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटातही तो लाहोरचा भाग आहे. म्हणजे रंगमंचावर "शिकवणार नाही" म्हणणारा खाँसाहेब ज्या गळ्यातून बोलत होता, तो गळाच एका खाँसाहेबाने शिकवलेला होता. ज्या अभिषेकींनी खाँसाहेबांची पदे बांधली, त्यांच्या गुरूंमध्ये उस्ताद अजमत हुसेन खाँ होते. नाटकातला उस्ताद दार लावून घेत होता. ते नाटक उभे करणारी माणसे उघड्या दारातून आत जाऊन आलेली होती.

आणखी मागे जाऊ. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. त्याच भास्करबुवांनी १९१६ साली 'स्वयंवर'ला संगीत दिले आणि बालगंधर्वांचे गाणे घडवले. अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर घडवल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना विद्या दिली आणि संगीताची शाळाच काढून बसले. ही मंडळी संत नव्हती. उस्ताद कडक होते, हट्टी होते, काही चिजा लपवून ठेवत, आणि त्याला कारणही होते. ज्याची शेती गळ्यात असते, तो बियाणे मोजूनच देणार. पण त्यांनी दार कायम लावलेले असते, तर मराठी नाट्यसंगीत ज्याला आपण म्हणतो त्यातले फार थोडे आज ऐकायला उरले असते.

खाँसाहेबांच्या नकारावर एक अवीट नाटक झाले. त्यांच्या होकारावर किती झाली? माझ्या पाहण्यात तरी असे एकही नाही.

*

होकाराची एक गोष्ट आमच्या दाराशी घडलेली आहे. पहूरहून जळगाव चाळीसेक किलोमीटर. तिथे बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. चांदोरकर प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. थंडीत शाल घेऊन आम्ही गाडी करून जातो. जळगावचा आणि बालगंधर्वांचा संबंध काय, असे नव्या पिढीतले कुणी विचारते. संबंध असा, की नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा शिकण्यासाठी जळगावला नातेवाइकांकडे होता. पाटीपेक्षा त्याचा जीव गाण्यात होता. आणि या जळगावात त्याला गाण्याचे सुरुवातीचे धडे दिले ते मेहबूबखाँ यांनी.

बालगंधर्वांच्या चरित्रात मेहबूबखाँ एका ओळीत येतात आणि त्याच ओळीत जातात. पुढच्या पानावर पुण्यात टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटल्याचा प्रसंग येतो, मग १९०५ साली किर्लोस्कर मंडळीतला प्रवेश, मग १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी. तिथून शालू, अत्तरे, गालिचे आणि कर्ज. मेहबूबखाँ मागे जळगावातच राहिले. आमच्यापासून अजिंठा पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. अजिंठ्याला चित्रे आहेत, चितारणाऱ्यांची नावे नाहीत. मेहबूबखाँचे उलटे झाले: नाव आहे, चित्र नाही.

पण नाटकवाल्याला यापेक्षा जास्त काय लागते? एक खोली. एक वयस्क उस्ताद. समोर आठ-दहा वर्षांचा ब्राह्मणाचा मुलगा, ज्याच्या घरच्यांनी विचार करूनच त्याला इथे पाठवले असेल. बाहेर जळगावच्या कापसाच्या गाड्यांचा आवाज. उस्ताद षड्ज लावतो आणि मुलाच्या गळ्यातून जे परत येते ते ऐकून क्षणभर थबकतो. आपल्यापेक्षा मोठा गळा आपल्याच समोर मांडी घालून बसला आहे, हे ज्याला पहिल्यांदा कळले असेल त्या माणसाच्या मनात काय झाले असेल? हेवा? आनंद? की रोजच्या शिकवणीच्या पैशांची चिंता? यांतले काय खरे, ते सांगणारा कागद माझ्या हाती नाही. पण जिथे कागद संपतो तिथेच नाटककाराचे काम सुरू होते.

बालगंधर्वांचा विषय निघाला की सगळे कॅमेरे आणि सगळे दिवे एका चेहऱ्यावर जातात, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या दिव्याच्या जरा खाली पाहा. रंगमंचाच्या पुढे वादक बसायचे. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. ज्या थिरकवांना १९७० साली पद्मभूषण मिळाला, त्यांनी कित्येक वर्षे मराठी नाटकाच्या पदांना ठेका दिला. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती. रुक्मिणीचे पद सुरू होण्याआधी ती काय बोलते, हे त्यांना शब्दांतून समजत होते की सुरांतून? असा प्रश्न नाटकात कुणी विचारला, तर मी शंभर रुपयांच्या तिकिटाला पाचशे देईन.

आणि गोहरबाई. गोहरबाई कर्नाटकी, 'किस्मत'मधल्या गाण्यांनी देशभर गाजलेल्या अमीरबाईंची बहीण. बालगंधर्वांचे गाणे तिने असे आत्मसात केले की ऐकणाऱ्याने चकित व्हावे. बोलपटांनी नाटक कंपन्यांचे कंबरडे मोडल्यावर, १९३०च्या दशकाच्या शेवटी, ती गंधर्व मंडळीत आली आणि नायिकेच्या भूमिकांत उभी राहिली. म्हणजे पुरुषाने स्त्री होऊन जे घडवले होते, ते एक स्त्री त्या पुरुषाकडून शिकून पुन्हा स्त्री म्हणून करत होती. नाटककाराला याहून मोठे आव्हान कोणते हवे? पण रसिकांनी तिला फार वर्षे एकाच खुर्चीत बसवले: देवमाणसाला घरापासून तोडणारी बाई. देवाच्या पडझडीला कुणीतरी जबाबदार लागते. ती बाई, परभाषक, त्यात मुसलमान. तिन्ही बाजूंनी सोयीची. कर्ज तिच्या येण्याआधीचे होते, बोलपट तिने आणला नव्हता, बालगंधर्वांचे वय तिने वाढवले नव्हते. उतारवयात ज्याच्या पायांनी साथ सोडली त्या माणसाजवळ ती राहिली. १९६४ साली ती गेली, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. त्याच वर्षी 'कट्यार' आले आणि मराठी प्रेक्षकाला कल्पित खाँसाहेब मिळाला. खऱ्या गोहरला कुणी विचारले नाही. गोहरला निर्दोष ठरवा असे मी म्हणत नाही. तिला बोलू द्या, एवढेच म्हणतो. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात ती आहे, पण तो चित्रपट अर्थातच तिचा नाही.

*

आता थोडे आपल्याकडे वळतो, कारण सगळा दोष पलीकडच्या अंगणात टाकून मोकळे होणे सोपे आहे.

आमचे एक मामू पेटी वाजवायचे. उरुसात कव्वालीला त्यांना लांबून बोलावणे यायचे. नाटकाचा एवढा नाद, की पाचोऱ्याला कुठली कंपनी आली म्हणजे पहूर स्टेशनवरून छोट्या गाडीत बसून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. (ती पाचोरा-जामनेर गाडीही २०२० साली थांबली.) मामू येताना पदे डोक्यात भरून आणत आणि अंगणात आम्हा पोरांना वाजवून दाखवत. नात्यातल्या बुजुर्गांना हे कधी आवडले नाही. गाणे-बजावणे शरीफांचे काम नाही, हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले की मला ते वडिलांचेच वाक्य वाटायचे. मामू गेल्यावर त्यांची पेटी वर्षभर माळ्यावर होती. मग एका पावसाळ्यात ती भंगारवाल्याला दिली. देणाऱ्यांत मीही होतो. पेटीत त्यांच्या हाताने उर्दूत लिहिलेली एक वही होती. ती कुठे गेली, हे आज कुणाला सांगता येत नाही.

मग मेहबूबखाँची एकच ओळ का उरली, याचे कोडे मला कशाला पडावे? शरीफांच्या घरांनीच आपले गाणारे माळ्यावर टाकले. साहिर लुधियानवींवर नाटक होऊ शकते. जळगावच्या 'परिवर्तन'ने शंभू पाटील यांनी लिहिलेले 'अमृता, साहिर, इमरोज' आपल्याच भागात उभे केले, आणि त्यात मुसलमान कलावंत शेरवानी-कट्यारीशिवाय, आपल्या एकटेपणासकट भेटतो. पण साहिर शायर होते. त्यांचे शब्द छापलेले होते, अमृता प्रीतम यांनी त्यांच्यावर लिहिलेले होते. गवयाचा शब्द हवेत विरतो. तो कुणी कागदावर उतरवला तरच मागच्यांना सापडतो.

आणि जिथे उतरवला आहे, तिथेही आपण पोचलेलो नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी आपली हकीकत नातू अजीजुद्दीन खाँ यांना सांगितली. ती इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. गोविंदराव टेंब्यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. तरुण वयात एका दरबारात रात्रंदिवस गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला. गवयाचा आवाज गेला म्हणजे सगळे गेले. परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या बिघडलेल्या गळ्याला पेलेल अशी वेगळीच गायकी त्यांनी रचली, आणि तिच्यापुढे पुढे महाराष्ट्राने मान लववली. हे नाटक नव्हे तर काय आहे? यात खलनायक नाही, कट्यार नाही, खून माफ नाही. एक माणूस आणि त्याचा फुटलेला आवाज.

किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांचे घर घ्या. बडोद्याहून ते ताराबाई मान्यांसह निघाले, संसार झाला, मुले झाली, १९२२च्या सुमारास तो मोडला. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. बापाची गायकी मुलांनी गळ्यात ठेवली आणि नाव आईच्या बाजूचे घेतले. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब विसावले. त्या कबरीपाशी मुले पहिल्यांदा उभी राहिली असतील तो एक प्रवेश लिहायला घेणाऱ्याची लेखणी थरथरली पाहिजे.

*

अशी नाटके लिहायची कशी? दिवाळखोर भक्तीने नव्हे. थोरांच्या जीवनावरच्या बहुतेक नाटकांत एक खोड असते: जन्म, गुरू, पहिली मैफल, टाळ्या, दुःख, मरण, हार. कॅलेंडर उलगडावे तसे प्रवेश उलगडतात. त्या कॅलेंडरात मेहबूबखाँला कधीच जागा मिळणार नाही, कारण त्याच्या तारखाच आपल्यापाशी नाहीत.

मला दुसरी वाट सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'त दिसते. १९७९ सालचे हे नाटक. त्यातला बर्वे संगीत नाटकांत कधीकाळी किरकोळ स्त्रीभूमिका करणारा, आता उदबत्त्या विकणारा. बालगंधर्वांचा काळ त्या नाटकात सर्वत्र आहे, पण दिवा आहे तो ज्याला कधी दिवा मिळाला नाही त्याच्यावर. कल्पित, क्षुल्लक, हास्यास्पद अशा माणसाकडून त्या रंगभूमीचे जेवढे खरे कळते, तेवढे हार घातलेल्या तसबिरीकडून कळत नाही. मेहबूबखाँचे नाटक लिहायचे तर असे लिहावे लागेल. पुरावा नाही ते पुरावा म्हणून दडपून सांगायचे नाही. उघडपणे कल्पना करायची, आणि कल्पना प्रामाणिक ठेवायची.

आणि ते कुणी लिहायचे? दारव्हेकरांनी आपल्या परीने खाँसाहेब लिहिला, मोठा लिहिला. आपल्या घरातला खाँसाहेब आपण लिहिला नाही, तर दुसऱ्याने लिहिलेल्या खाँसाहेबाच्या रागाबद्दल तक्रार करायचा आपला हक्क अर्धाच उरतो. आपल्यातली मुले-मुली आज कथा-कविता लिहितात. एकांकिका स्पर्धा जळगावलाही होतात. दोन पात्रे, एक तंबोरा, एक सतरंजी. फार खर्चाचे काम नाही.

त्या स्नेहसंमेलनात आमच्या पोराला टाळ्या खूप मिळाल्या. कट्यार उगारताना पुठ्ठा मध्येच वाकला, तरी मिळाल्या. आता तो अकरावीला आहे. परवा घरी आला तेव्हा मी त्याला मेहबूबखाँची ती एक ओळ वाचून दाखवली. त्याने विचारले, "आगे?" मी म्हणालो, पुढे काही लिहिलेले नाही. तो जरा वेळ गप्प बसला, मग माझ्या टेबलावरची कोरी वही उचलून घेऊन गेला. अजून परत आणलेली नाही. मी मागणारही नाही.